उत्तर बहात्तर

"कॅमेरा ऑन करा गं सगळ्यांनी. नुसतं कपाळ नको, तोंड दिसू दे!"

मोबाइलमधून नाईकवडे मॅडमचा आवाज आला तेव्हा मी अण्णांचं मनगट धरून बसले होते. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यात साठ पोरींची साठ तोंडं चौकटीत बसली होती. करोनाचं दुसरं वर्ष. नर्सिंगला प्रवेश घेऊन मला सहा महिने झाले होते आणि पेशंट तर सोडाच, मी अजून कॉलेजातलं बेडपॅनसुद्धा हातात धरलं नव्हतं.

शिकणं म्हणजे काय, तर दर दहा मिनिटांनी मॅडम विचारायच्या, "लक्ष आहे ना?" आणि साठ जणींनी 'येस मॅडम' टाइप करायचं. याला मॅडम 'एंगेजमेंट' म्हणायच्या. त्याचे फोटो काढून फायलीला लावायच्या. इंजेक्शन आम्ही वांग्याला दिलं. अंथरूण बदलायला शिकलो ते घरच्या गादीवर, तीही रिकामी. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार नुसता!

त्या दिवशी नाडी होती. घरातल्या एका माणसाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची आणि आकडा ऑनलाइन फॉर्ममध्ये भरायचा. उत्तर-चाचणी म्हणे. पूर्व-चाचणी जानेवारीत, काही न शिकवता झाली होती; तेव्हा आईची नाडी मोजून मला नुसतं शून्य पडलं होतं, आणि न शिकता मोजली म्हणून चुकली असेल असं मी धरून चालले होते. या दोन्हींवरून मॅडम एक शोधनिबंध लिहिणार होत्या, ऑनलाइन नर्सिंग शिक्षण किती परिणामकारक आहे त्यावर.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जॉबर. इचलकरंजीत हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. जॉबर म्हणजे कारखान्यातले माग दुरुस्त करणारा माणूस. चोवीस माग एकदम खडखडत असले तरी त्यातला कुठला बिघडलाय ते अण्णा दारातून सांगायचे. मग त्या मागाच्या लाकडावर उजव्या हाताची दोन बोटं टेकवायचे आणि म्हणायचे, "हितं हाय बघ दुखणं." त्या दिवशी त्यांना दुपारपाळी होती, म्हणून सकाळी ते माझ्या हाती सापडले होते.

"किती आली?" त्यांनी विचारलं.

"थांबा, बोलू नका. परत मोजते."

तिसऱ्यांदा मोजत होते मी. पहिल्यांदा बेचाळीस, दुसऱ्यांदा बेचाळीस. तिसऱ्यांदाही तेच. आणि मधेच एखादा ठोका यायचाच नाही. बोटांखाली नुसती पोकळी. मी वाट बघत राहायचे, आणि मग तो पुढचा ठोका सावकाश यायचा.

"अण्णा, तुम्हाला काही होतं का? चक्कर वगैरे?"

"कारखान्याचा जिना चढलो की जरा अंधारी येतीया. वय झालं आता, दुसरं काय."

अण्णांचं वय होतं एकावन्न.

मी फॉर्ममध्ये बेचाळीस भरले. पडद्यावर लाल फुली आली. दहापैकी शून्य. खाली लिहिलं होतं, योग्य उत्तर : ७२.

मला आधी कळेचना. माझ्या बापाच्या नाडीचं योग्य उत्तर मोबाइलला कुणी सांगितलं? मग डोक्यात उजेड पडला. मॅडमनी त्या फॉर्मला उत्तर ठरवून दिलं होतं. पुस्तकात निरोगी माणसाची सरासरी नाडी बहात्तर लिहिलेली असते, म्हणून साठ घरांतल्या साठ माणसांची नाडी बहात्तर! अडुसष्ट चूक, ऐंशी चूक, आणि बेचाळीस तर चूकच चूक.

मी हात वर केला. "मॅडम, माझ्या वडिलांची बेचाळीस येतेय. तीनदा मोजली. मधे ठोके चुकतायत."

"रेवती, बेचाळीस नाडी असलेला माणूस तुझ्यासमोर असा मांडी घालून बसला असता का?"

"पण मॅडम, खरंच मधला ठोका..."

"ठोका नाही चुकत, तुझं मोजणं चुकतंय. बोटं नीट ठेव. एकोणसाठ जणींचं बरोबर आलंय, तुझ्याच घरी काय वेगळं असणार आहे? दुसरा प्रयत्न उघडून दिलाय. दहा मिनिटांत भर, मला आज फॉर्म बंद करायचाय."

चौकटींमध्ये हसऱ्या तोंडांची चित्रं उगवली. माझे कान तापले. मी आवाज बंद केला तेवढ्यात मिनाजचा फोन आला. मिनाज मुल्लाणी, माझी शाळेपासूनची मैत्रीण, चौकटीतसुद्धा माझ्या शेजारीच असायची.

"आगं येडे, बहात्तर टाक आन सूट की!"

"तुझ्या घरी कुणाची आली बहात्तर?"

"कुणाची न्हाई. आब्बा कामावर, आम्मी बाजारात. मी काय कोंबडीची मोजू? जानेवारीत खरं खरं भरलं तवा शून्य पडलं हुतं. आता सगळ्यांस्नी कळलंय, उत्तर बहात्तर."

फोन ठेवला तेव्हा अण्णा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे बेचाळीस आली, आन बहात्तर पायजे?"

"हो."

"पायजे म्हंजे काय? मागाचा ठोका चुकला तर आम्ही माग बंद करून बघतो. वहीत बरोबर लिवून माग नीट हुतोय व्हय?"

"अण्णा, तुम्हाला नाही त्यातलं कळत. मीच चुकले असणार मोजायला. मॅडम पंधरा वर्षं शिकवतायत."

हे मी बोलले. याच तोंडाने. आणि याच बोटांनी सात आणि दोन दाबले. हिरवी खूण आली, दहापैकी दहा. आई आतून मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता ओरडली, "किती पडलं गं?" आणि अण्णांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. बेचाळीसचं सगळं विसरून गेले. "धापैकी धा! पोरगी माझी हाय!" त्या दुपारी कारखान्यात त्यांनी चोवीस मागांच्या खडखडाटात ओरडून सगळ्यांना सांगितलं म्हणे.

तो दिवस होता चोवीस जून.

तीन जुलैला कारखान्यातून फोन आला. अण्णा एका मागाच्या मोटरीजवळ उभे होते. बोलता बोलता त्यांचे डोळे फिरले आणि ते खाली कोसळले. पडताना उजवा हात चालू पट्ट्यात गेला.

दवाखान्यात मी पोचले तेव्हा ते शुद्धीवर होते. हाताला हे एवढं मोठं बोचकं बांधलेलं. तर्जनी आणि मधलं बोट गेलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती. एक तरुण डॉक्टर अण्णांच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत होता.

"चौतीस," तो म्हणाला. "हाताचं नंतर बघू, आधी हे बघायला पाहिजे. याआधी कुणी नाडी बघितली होती का यांची?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा बोलले. इतकं रक्त गेलेलं, ओठ पांढरे पडलेले, पण आवाजात काय तो अभिमान!

"बगितली की सायेब. आमची पोरगी नर्सिंगला हाय. नऊ दिस झालं. बहात्तर आलीती. धापैकी धा पडलं तिला."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि केसपेपरवर लिहिलं. मी जवळच होते, मला दिसलं. नऊ दिवसांपूर्वी नाडी ७२. मग तो आईला विचारायला लागला, काही गोळी खाल्ली का, कारखान्यात कुठलं औषध अंगावर उडालं का, तंबाखूत काही मिसळलं का. बहात्तरची चौतीस नऊ दिवसांत कशी होईल, ते तो शोधत होता. पोलिसासारखा उलटसुलट विचारत होता आणि आई बिचारी "न्हाई सायेब, न्हाई सायेब" करत होती.

पाच मिनिटं मी गप्प उभी राहिले. या पाच मिनिटांचा राग मला आजही येतो. मॅडमचा येतो त्याहून थोडा जास्तच येतो. मग मी डॉक्टरच्या मागे गेले.

"सर, बहात्तर नव्हती. बेचाळीस होती. ठोके चुकत होते."

"मग बहात्तर कुणी सांगितलं?"

"मी भरलं. फॉर्ममध्ये तेच उत्तर पाहिजे होतं."

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने केसपेपर पुढे ओढला, ७२ वर पेनाने एकच आडवी रेघ मारली, आकडा तसाच वाचता येईल अशी. वर ४२ लिहिलं, बाजूला सही केली आणि वेळ घातली.

"खोडून काळं नाही करायचं कधी," तो म्हणाला. "चूक दिसली पाहिजे आणि ती दुरुस्त कुणी केली तेही दिसलं पाहिजे. शिकवलं नाही का अजून?"

"नाही."

"हृदयातली वाट अडलीय यांची. ठोके चालू ठेवणारं मशीन, पेसमेकर, बसवावं लागेल. बसवू, वाचतील. पण नऊ दिवसांपूर्वी आणलं असतंस तर बोटं राहिली असती."

अण्णांच्या छातीत मशीन बसलं. अण्णा वाचले. कारखान्यात मात्र परत कधी गेले नाहीत. दोन बोटांशिवाय जॉबर म्हणजे काय, ते इचलकरंजीत कुणालाही विचारा. मी त्यांच्याजवळ बसून रडले तेव्हा ते म्हणाले, "तू तर बेचाळीसच म्हनलीतीस की गं. मी ऐकलं न्हवं का माझ्या कानानं." मला वाटलं, यापेक्षा एक मुस्काटात मारली असती तरी चाललं असतं.

ऑक्टोबरात कॉलेज उघडलं. पहिल्याच दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले. मनात एकच गोष्ट पक्की केली होती. माझा आकडा मला परत पाहिजे होता. बहात्तरवर एक रेघ, वर बेचाळीस आणि बाजूला सही. बस्स, एवढंच.

मॅडम खुर्चीवर चढून भिंतीला फलक लावत होत्या. पंधरा दिवसांनी कॉलेजात कार्यशाळा होती, आजूबाजूच्या कॉलेजांतून पाहुणे येणार होते आणि मॅडम आपला शोधनिबंध वाचणार होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, खोटं का बोलू. "अरेरे" दोनदा म्हणाल्या.

"पण रेवती, हे दोन्ही जोडू नकोस. अपघात तो अपघात. आणि डेटा आता पुढे गेलाय. शंभर टक्के निकाल आलाय आपला, जिल्ह्यात कुणाचा नाही. एका मुलीसाठी मी तो फोडू?"

"मॅडम, तो आकडा खोटा आहे."

"तू भरलास ना? मी हात धरून भरायला लावला का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते खरं होतं. भरला होता मीच.

"मॅडम, एक रेघ मारा फक्त. दवाखान्यात तसं करतात."

"मला शिकवू नकोस." त्या खुर्चीवरून उतरल्या आणि एकदम आवाज मऊ केला. "हे बघ, अंतर्गत गुण माझ्याच हातात आहेत, आणि तू हुशार आहेस. कार्यशाळेत प्रात्यक्षिक तूच कर. मिनाजची नाडी मोजून दाखव आणि सांग, घरी बसून शिकले आणि वडिलांची नाडी मोजली. चांगलं वाटेल लोकांना. बाकीचं ते... बोटांचं वगैरे नको सांगू."

एवढं ऐकून घेऊनही वर या बाईला अण्णांची नाडी सजावटीला पाहिजे होती! मी त्यांच्याकडे बघितलं. आणि म्हणाले, "करते मॅडम."

बाहेर मिनाज उभी होती. "काय म्हनली?"

"मला प्रात्यक्षिक करायला सांगितलंय."

"आन तू हो म्हनलीस?" तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "रेवा, तुझं हे तोंड मला चांगलं ठाव हाय. काय करनार हाईस?"

"नाडी मोजणार आहे."

पुढे त्या वर्षी मला अंतर्गत परीक्षेत काठावर पास केलं, एकेक गुण मोजूनमापून. त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आता चार-पाच वर्षांनी, हृदयविकाराच्या वॉर्डात रोज पन्नास मनगटं धरताना तर नाहीच नाही.

कार्यशाळेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत प्राचार्य आणि पाहुणे, त्यात पांढऱ्या केसांच्या दोन निवृत्त मेट्रन. मॅडम मोरपिशी साडी नेसल्या होत्या. पडद्यावर तक्ते येत होते. विद्यार्थिनींचा सहभाग शहाण्णव टक्के. ते 'येस मॅडम'. मग नाडीमापन. पूर्व-चाचणी, सात टक्के. उत्तर-चाचणी, शंभर टक्के. टाळ्या. मी मोजत होते, त्या शंभरात माझ्या बापाची दोन बोटं कुठे बसली असतील.

"आता आमची विद्यार्थिनी रेवती बुगड प्रात्यक्षिक दाखवेल. ही मुलगी संपूर्ण ऑनलाइन शिकलीय बरं का."

मंचावर दोन खुर्च्या, एक टेबल आणि मागे पांढरा फळा. फळ्यावर मॅडमनी सकाळीच वळणदार अक्षरात रकाने काढून ठेवले होते. तापमान, नाडी, श्वसन. आणि रकान्यांत आकडेसुद्धा भरून ठेवले होते, ऐन वेळी गडबड नको म्हणून. नाडीपुढे लिहिलं होतं ७२. मिनाज अजून खुर्चीत बसायची होती आणि तिची नाडी मोजून झाली होती!

मिनाज उठायला लागली. मी तिला हातानेच थांबवलं.

"मॅडम, मैत्रिणीची नको. सगळ्यांना वाटेल आम्ही ठरवून केलं. तुमची मोजू?"

पहिल्या रांगेतली एक मेट्रन हसून म्हणाली, "हो हो, शिक्षिकेचीच मोज. चांगली परीक्षा होईल."

मॅडम हसल्या. दुसरं करणार काय? माईक ठेवला, पदर सावरला आणि येऊन बसल्या. मी त्यांचं मनगट घेतलं. हात गार होता, तळव्याला घाम. तीन बोटं टेकवली आणि घड्याळाकडे बघितलं.

पूर्ण एक मिनिट मोजायचं असतं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं. तीनशे माणसांत एक मिनिट म्हणजे फार मोठा वेळ असतो. विसाव्या सेकंदाला कुजबुज थांबली. तिसाव्याला मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून नाही, बोटांखालून समजलं. ठोके असे धावायला लागले जसे मागावर इकडून तिकडे पळणारे धोटे.

"पुरे आता," त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

"बोलू नका मॅडम. मोजणं चुकतं."

साठ सेकंद झाले. मी हात सोडला नाही.

"एकशे अठरा," मी मोठ्याने सांगितलं. "ठोके नियमित." मग फळ्याकडे मान केली. "मॅडम, पण इथे बहात्तर लिहिलंय. उत्तर बरोबर की चूक?"

त्या मेट्रनने चष्मा काढला.

"मॅडम, काय लिहू?"

मी त्यांचा हात अलगद त्यांच्या मांडीवर ठेवला, फळ्यापाशी गेले आणि ७२ वर एकच आडवी रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी. वर लिहिलं ११८. बाजूला सही केली, वेळ घातली.

"हे काय चाललंय?" प्राचार्य खालून उठून म्हणाले.

"दुरुस्ती, सर. अजून एक आहे."

खाली मोकळ्या जागेत मी लिहिलं, वसंत बुगड, वय एकावन्न, चोवीस जून, नाडी ७२. त्यावर रेघ मारली. रेघ सरळ आली. वर लिहिलं ४२, ठोके चुकतात. मग तीनशे माणसांकडे पाठ फिरवूनच सांगितलं, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर मला रडू आलं असतं.

"हे माझे वडील. मी मोजली तेव्हा बेचाळीस होती. उत्तर चूक आलं म्हणून मी बहात्तर भरली. नऊ दिवसांनी ते मागावर पडले. उजव्या हाताची दोन बोटं गेली. पडद्यावरच्या शंभर टक्क्यांत ते पण आहेत."

मी माझी सही केली. खोटा आकडा भरणारीची सही, स्पष्ट अक्षरात, पूर्ण नावाने. तिच्या खाली दुसऱ्या सहीसाठी एक रेघ ओढली. तिथे लिहिलं, तपासणारी.

मग वळले. मॅडम अजून त्याच खुर्चीत बसल्या होत्या, डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट घट्ट धरून. मी त्यांच्यापुढे मार्कर धरला.

"सही, मॅडम."